कंपनीचा नळ आणि चवदार तळे

गेल्या वर्षी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी महाडच्या सत्याग्रहावर बोलत होतो. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. तो गडचिरोलीकडचा, लोहखनिजाच्या पट्ट्यातल्या गावाचा. तो म्हणाला, "सर, तुम्ही रोज संविधान सांगता. आमच्या गावात संविधान अजून आलं नाही. कंपनीची अँब्युलन्स आली. माझ्या वहिनीचं बाळंतपण त्या अँब्युलन्समुळं सुखरूप झालं. मग आम्ही कोणाच्या बाजूनं उभं राहायचं?"

वर्ग गप्प झाला. मी भांडवलशाहीविषयी, नफ्याविषयी काही बोललो. ते त्याला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. त्या मुलाला जे उत्तर मी द्यायला हवे होते ते या लेखात देण्याचा प्रयत्न करतो आहे.

आपल्या चळवळीतले ठरलेले उत्तर असे की, कंपनी शोषक आहे, तिचा दवाखाना हा देखावा आहे, त्याला भुलू नका. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ज्याच्या घरात मूल तापाने फणफणलेले आहे त्याला ते ऐकू जात नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

माझे वडील विदर्भातल्या एका खाणीवर ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. खाण एकच, धूळ एकच. पण कंपनीच्या कायम कामगाराला क्वार्टर, नळ आणि दवाखाना, आणि ठेकेदाराच्या माणसाला नाल्यापलीकडची झोपडपट्टी. माझी धाकटी बहीण चार वर्षांची असताना एका रात्री तिचा ताप उतरेना. सरकारी आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर, आणि तिथे डॉक्टर असेलच याची खात्री नाही. कंपनीचा दवाखाना पायी दहा मिनिटांवर. वडील तिला खांद्यावर घेऊन फाटकापाशी गेले. फाटकावरचा चौकीदार आमच्याच वस्तीतला. तो म्हणाला, "भाऊ, कार्ड असन तर आत जा. कार्ड नसताना मी सोडलं तर माही नोकरी जाईन." वडील तसेच फिरले आणि मोठेबाबांच्या क्वार्टरवर गेले. मोठेबाबा कायम कामगार होते. त्यांच्या कार्डावर त्यांच्या मुलीचे नाव होते. त्या नावावर माझी बहीण दवाखान्यात गेली, तीन दिवस राहिली आणि जगली. आज ती दोन मुलांची आई आहे. परंतु त्या दवाखान्याच्या नोंदवहीत ती कुठेच नाही. तिथे मोठेबाबांची मुलगी आजारी पडून बरी झाली, एवढीच नोंद आहे.

म्हणून मी कंपनीच्या दवाखान्याला नुसता देखावा म्हणू शकत नाही. माझी बहीण त्याच औषधाने वाचली. पण त्या दवाखान्यापुढे मी हातही जोडू शकत नाही, कारण तिला वाचण्यासाठी स्वतःचे नाव फाटकाबाहेर ठेवावे लागले. या दोन गोष्टींच्या मध्ये जो प्रश्न उभा आहे, तोच त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे.

२

आपल्याकडे हा प्रयोग अनेक ठिकाणी नवा आहे; त्याचा शेवट अजून दिसायचा आहे. जिथे तो अनेक दशके चालला, भरभराटीला आला आणि कोसळला, अशा एका मुलखाकडे म्हणून पाहावे लागते. हा मुलूख म्हणजे आफ्रिकेतल्या झांबिया देशाचा, काँगोच्या सीमेला लागून असलेला तांब्याच्या खाणींचा पट्टा. इंग्रजीत त्याला कॉपरबेल्ट म्हणतात, आपण ताम्रपट्टा म्हणू. तो आपल्यापासून वाटतो तेवढा दूरही नाही. तिथल्या खाणींच्या अलीकडच्या मालकांत भारतीय उद्योगसमूह आहेत.

या देशाचे त्या वेळचे नाव उत्तर ऱ्होडेशिया. तिथे आधी कंपनी आली आणि मग सरकार आले. ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी ही खाजगी कंपनी सनद घेऊन आली आणि १९२४ पर्यंत तिनेच तिथे राज्य केले. त्यानंतर राज्यकारभार ब्रिटिश वसाहत खात्याकडे गेला. पण जमिनीखालच्या खनिजाचा हक्क कंपनीकडेच राहिला, आणि १९६४ मध्ये देश स्वतंत्र होईपर्यंत त्याची रॉयल्टी ती घेत राहिली. म्हणजे राज्याच्या हाती लोक आले आणि कंपनीच्या हाती तांबे आले. पुढे शाळा-दवाखाने कोणाच्या खर्चाने चालणार, याचे उत्तर या वाटणीतच ठरून गेले होते.

लुआन्श्या या गावी रोन अँटिलोप नावाची खाण १९२० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहत होती. नदीकाठ दलदलीचा. मजूर हिवतापाने मरत होते, आणि नदीत एक भयंकर सर्प राहतो व तो माणसे खातो अशी समजूत पसरली होती. मजूर कामावर यायला तयार नव्हते, आलेले पळून जात होते. कंपनीने १९२९ मध्ये लंडनच्या रॉस इन्स्टिट्यूटच्या मॅल्कम वॉटसन यांना बोलावले. मलायातल्या रबरमळ्यांवर हिवताप आटोक्यात आणण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. चर खोदून दलदल काढली, साचलेल्या पाण्यावर तेल टाकले, झाडोरा तोडला, क्विनाईन दिले. मृत्यू कमी झाले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हे काम आजही आदराने सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे.

पण ते का केले गेले हेही सांगितले पाहिजे. मजूर पळत होते म्हणून केले. मजूर टिकावा म्हणून घर, शिधा, पाणी आणि दवाखाना आला. जो कामावर आहे त्याच्यासाठी आला, आणि तो कामावर आहे तोवर आला. विवाहित कामगाराचे घर नवऱ्याच्या नोकरीवर मिळे. नवरा मेला किंवा काम सुटले की बायकोच्या डोक्यावरचे छप्पर जाई.

आणि ही सेवा सर्वांना सारखी नव्हती. गोऱ्यांची वसाहत वेगळी, काळ्यांचा कंपाउंड वेगळा. दवाखाने वेगळे. कुशल काम गोऱ्यांसाठी राखीव. गावातल्या दुकानांत काळ्या माणसाने आत यायचे नाही, भिंतीतल्या खिडकीपाशी उभे राहून मागायचे, आणि दुकानदार जे मांस हातात ठेवील ते घेऊन जायचे. १९५० च्या दशकात लोकांनी या दुकानांवर बहिष्कार घातला तेव्हा ही खिडकीची पद्धत मोडू लागली. हे वाचताना आपल्यापैकी कोणाला हॉटेलबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी आठवणार नाही? खिडकीतून मिळणाऱ्या वस्तूचा दर्जा निवडण्याचा अधिकार खिडकीबाहेरच्याला नसतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

अशा मुलखाविषयी म्हटले जाते की, तिथे राज्य गैरहजर होते. हे मला मान्य नाही. १९३५ च्या मे महिन्यात आफ्रिकी कामगारांवरचा कर अचानक वाढवला गेला. कामगार संपावर गेले. लुआन्श्याला कंपाउंडच्या कचेरीपाशी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळी चालवली आणि सहा जण मेले. १९४० मध्ये एन्काना खाणीवर पुन्हा संप, पुन्हा गोळीबार, १७ मृत्यू. म्हणजे कर घ्यायला राज्य हजर होते आणि गोळी घालायलाही हजर होते. ते फक्त दवाखान्यात गैरहजर होते. राज्य कुठे नसते, एवढेच विचारून भागत नाही. ते कुठे असते आणि कोणासाठी असते, हे विचारले की गैरहजेरीचा अर्थ कळतो.

३

झांबिया १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. केनेथ कौंडांच्या सरकारने १९६९ मध्ये खाणींतला ५१ टक्के वाटा घेण्याचे जाहीर केले, आणि १९८२ मध्ये सगळ्या खाणी एकत्र करून झांबिया कन्सॉलिडेटेड कॉपर माइन्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. आता खाण लोकांची झाली होती. या कंपनीने घरे दिली, पाणी, वीज, रस्ते, कचरा उचलणे, दवाखाने, शाळा, बायकांसाठी शिवणकामाचे वर्ग, फुटबॉलचे संघ, सगळे सांभाळले. कामगाराच्या जन्मापासून मरणापर्यंत कंपनी त्याच्यासोबत असते, असे लोक म्हणत.

पण खाणीची वसाहत आणि नगरपालिकेची वसाहत या शेजारी असूनही वेगळ्याच राहिल्या. कंपनी सरकारी झाली तरी नळ कामगाराचाच राहिला, नागरिकाचा झाला नाही. केवळ मालक बदलल्याने नाते बदलत नाही, हा धडा डाव्या चळवळीने आणि आपणही नीट लक्षात घेतला पाहिजे.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून तांब्याचा भाव कोसळला. कर्ज वाढले. १९९१ मध्ये कामगार संघटनेतून वर आलेले फ्रेडरिक चिलुबा अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच काळात खाणी विकल्या गेल्या. १९९७ ते २००० या काळात एकेक खाण गेली. १९७० च्या दशकाच्या मध्यात खाणींवर ६० हजारांहून अधिक माणसे होती. २००० च्या सुमारास ती २२ हजारांच्या आसपास उरली. लुआन्श्याची खाण १९९७ मध्ये भारतातल्या बिनानी समूहाने घेतली. नोव्हेंबर २००० मध्ये ती कंपनी बुडीत निघाली. पुढे आलेल्या दुसऱ्या मालकाने २००८ च्या अखेरीस, भाव पडताच, काम थांबवले. २००९ मध्ये चिनी सरकारी कंपनी आली. एका गावाने बारा वर्षांत तीन मालक पाहिले. प्रत्येक वेळी दवाखाना आणि पाणी पुढे कोण चालवणार हा प्रश्न नव्याने उभा राहिला, आणि तेही एड्सची साथ घराघरांत शिरलेली असताना.

त्याच करारांत नव्या मालकांकडून राज्याने घ्यायची रॉयल्टी केवळ ०.६ टक्के ठरली होती. पुढे त्याच कंपन्या एखादा दवाखाना चालवतात, एखादी शाळा रंगवतात आणि सांगतात की राज्य दुबळे आहे म्हणून आम्हाला हे करावे लागते. राज्याला आधी उपाशी ठेवायचे, मग त्याच्या दुबळेपणाचे कारण सांगून स्वतः अन्नछत्र काढायचे, असा हा व्यवहार आहे. अन्नछत्रातला भात खोटा नसतो, पण तो कोणाच्या ताटातून आला याचा हिशेब मागितलाच पाहिजे.

या मुलखावर दोन महत्त्वाची पुस्तके आहेत, आणि आपल्या अभ्यासकांनी ती वाचावीत असे मला वाटते. पहिले जेम्स फर्ग्युसन यांचे 'एक्स्पेक्टेशन्स ऑफ मॉडर्निटी' (१९९९). खाणकामगारांना आधुनिक जगाचे वचन मिळाले होते. ते मोडले तेव्हा त्यांना काय वाटले, याचा हा अभ्यास. जोडलेच न जाणे आणि जोडून मग तोडले जाणे यांतला फरक फर्ग्युसन फार बारकाईने दाखवतात. फेकून दिल्याची जी भावना ते वर्णन करतात तिला आपल्या भाषेत आधीपासून शब्द आहे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाच्या नावातच तो घातला: बहिष्कृत.

परंतु इथेच माझा फर्ग्युसन यांच्याशी मतभेद आहे. पुढे २००५ च्या एका निबंधात ते अंगोलाच्या तेलाशी तांब्याची तुलना करतात. समुद्रातल्या तेलविहिरीचा भोवतालच्या समाजाशी संबंधच येत नाही, सगळे कुंपणाच्या आत चालते. त्या मानाने जुनी तांब्याची खाण समाजात दाट मुरलेली होती, शहरे वसवत होती, शाळा काढत होती. निरीक्षण अचूक आहे. पण अशी तुलना वाचून वाचकाच्या मनात जुन्या कंपनीविषयी हळहळ उरते, आणि ती हळहळ मला धोक्याची वाटते. आत असलेला माणूस बाहेर फेकला गेला, ही शोकांतिका खरीच. पण जो कधी आत नव्हताच त्याचे काय? खाणीच्या नळाची रांग जिथे संपत होती तिथून ज्याचे घर सुरू होत होते, त्याच्या वाट्याला हळहळसुद्धा येत नाही. माझे वडील दाट खाणीच्या काळातच फाटकावरून परत आले होते.

दुसरे पुस्तक पेशन्स मुसुसा यांचे, २०२१ चे. त्याच्या नावाचा अर्थ 'पूर्वी शिस्त होती' असा होतो. त्याचा विषय प्रामुख्याने लुआन्श्याच आहे. खाण गेल्यावर लोकांनी कंपनीच्या घरांच्या अंगणात भाजी लावली, कोंबड्या पाळल्या, छोटा व्यापार केला, पडझडीतही जगणे उभे केले, हे त्या आपुलकीने दाखवतात. मला हे पुस्तक अधिक जवळचे वाटले, कारण त्यात माणसे केवळ बळी म्हणून येत नाहीत. पण ज्या वाक्यावरून त्याला नाव मिळाले ते वाक्य आपण सावधपणे ऐकले पाहिजे. पूर्वी शिस्त होती, असे आपल्या गावातही म्हातारे लोक म्हणतात. ती शिस्त कोणाची होती, आणि तीत आपली जागा कुठे होती, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता या चित्रात फाटकाबाहेरची माणसे आणा. चिंगोला शहराजवळची एन्चांगा खाण ज्या कंपनीकडे आहे, तिचा मोठा वाटा २००४ मध्ये वेदांता या भारतीय मुळाच्या समूहाकडे गेला. ओढ्याच्या आणि काफुए नदीच्या काठच्या सुमारे १,८०० शेतकऱ्यांनी पाणी व जमीन नासल्याचा दावा लंडनच्या न्यायालयात लावला. हा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी दिला, आणि २०२१ च्या सुरुवातीला, जबाबदारी मान्य न करता, समझोता झाला. ही माणसे खाणीच्या हजेरीपटावर नव्हती. कंपनीचा दवाखाना त्यांच्यासाठी नव्हता, पण कंपनीचे पाणी त्यांच्या शेतात शिरल्याची त्यांची तक्रार होती. त्यांना जे मिळाले ते देणगीच्या कचेरीत मिळाले नाही. हक्क सांगितल्यावर, न्यायालयात उभे राहिल्यावर मिळाले.

४

आता आपल्या घरात येऊ. कंपनीने दिलेल्या शिक्षणाचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच इतिहासात आहे, आणि तो आपण लपवू नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई होते. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होई तो फौजेच्या शाळेत लिहू-वाचू लागला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. हे शिक्षण देण्यात कंपनीचा हेतू समतेचा नव्हता. तिला शिकलेला शिपाई हवा होता. पण त्या शाळेने आपल्याला पहिली पिढी दिली.

मग काय झाले? १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची फौजभरती बंद झाली. लढाऊ जातींचा नवा सिद्धान्त निघाला होता आणि त्यात आपण बसत नव्हतो. एका हुकुमाने नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर शाळाही गेली. निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला. त्या अर्जांची भाषा पाहावी. आमच्या पूर्वजांनी तुमची चाकरी इमानाने केली, म्हणून आम्हाला परत घ्या. ज्याच्या हाती देणगी होती आणि ती काढून घेतली गेली, त्याच्यापाशी दुसरी भाषाच नसते. वलंगकर मोठे होते, कांबळे मोठे होते. त्यांचे हात बांधलेले होते.

बाबासाहेबांनी भाषा बदलली. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले. ते पाणी मागायला गेले नव्हते. जे पाणी कायद्याने आपलेही आहे ते घ्यायला गेले होते.

आता विरोधकांनी काय केले ते पाहा, कारण आपल्या आजच्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला आणि म्हटले की, हे तळे सार्वजनिक नाही, ते खाजगी मालकीचे आहे. वस्तू खाजगी ठरली की तिच्यावरचा हक्क संपतो आणि मालकाची मर्जी उरते, हे त्या धूर्त लोकांना पक्के ठाऊक होते. तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली. पण ती लढाई लढता आली, कारण तळे नगरपालिकेचे होते.

माझ्या विद्यार्थ्याला माझे पहिले उत्तर हे आहे. कंपनीच्या नळावर महाड करता येत नाही. तिथे अर्ज करता येतो, विनंती करता येते, ओळखीच्या माणसाचे कार्ड वापरता येते. नळ बंद झाला तर कोणता ठराव दाखवणार? कोणत्या सभासदाला निवडणुकीत पाडणार? आपण चाकरी करतो तोवर भाकर, ही वतनाची रीत होती. महारकीच्या वतनाने आपल्याला जमिनीचा तुकडा आणि बलुते दिले, आणि त्या बदल्यात रात्रंदिवस राबवले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतनाविरुद्ध विधेयक आणले तेव्हा आपल्याच काही माणसांना वाटले की, असलेली भाकरही जाईल. ती भीती खोटी नव्हती. तरीही वतन सोडल्याशिवाय माणूसपण नाही, हे त्यांनी सांगितले.

५

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले, आता संविधान आहे. आहे, पण त्यातली एक फट पाहा. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, आणि अनुच्छेद २४३ टी ने त्यांत अनुसूचित जाती-जमाती व स्त्रियांना राखीव जागा दिल्या. त्याच दुरुस्तीतल्या अनुच्छेद २४३ क्यू मध्ये एक परंतुक आहे. एखाद्या भागात औद्योगिक आस्थापना नागरी सेवा पुरवत असेल किंवा पुरवणार असेल, तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात, आणि मग तिथे नगरपालिका स्थापण्याची गरज नाही. याचा अर्थ नीट वाचा. कंपनीने पाणी दिले, दिवे लावले की निवडणूक नको. निवडणूक नाही तर राखीव जागाही नाहीत. नळ आला आणि नगरसेवक गेला. टाटांचे जमशेदपूर हे पोलादाचे शहर, शंभर वर्षांहून जुने, स्वच्छतेसाठी देशभर नावाजलेले. लाखोंच्या त्या शहराने निवडून दिलेली महानगरपालिका पाहिलेली नाही. तिथले पाणी चांगले असेल. पण त्या पाण्याविषयी तिथल्या सफाई कामगाराच्या मताला मतपेटीत जागा नाही.

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. कुठे खर्चायचे ते कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. रॉयल्टीच्या प्रमाणात खाणमालकाने त्यात पैसे भरायचे आणि ते खाणबाधितांसाठी वापरायचे. हा पैसा दानाचा नाही, कायद्याचा आहे. पहिल्या पैशाच्या पाट्या गावागावांत लागल्या आहेत. दुसऱ्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा, असे म्हणणारे कार्यकर्ते मात्र थोडे आहेत. आपण कुठे उभे राहायचे हे यावरून कळावे.

राज्याविषयी मला भाबडा विश्वास नाही. शिक्षक नसलेली जिल्हा परिषदेची शाळा आणि डॉक्टर नसलेले आरोग्य केंद्र मी पाहिले आहे. राज्ययंत्रणेत कोणत्या जाती बसल्या आहेत हेही आपण जाणतो. बाबासाहेबांनाही तसा विश्वास नव्हता. म्हणूनच १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडतानाच, ते नुसत्या सरकारच्या मर्जीवर न सोडता संविधानातच लिहावे असा आग्रह धरला. राज्य मागे सरले की त्या जागी स्वातंत्र्य येत नाही, खाजगी मालकाची हुकमत येते, हे त्यांनी तिथे बजावले आहे. झांबियाच्या सरकारी कंपनीने जे केले नाही ते हेच होते: सेवा हा नागरिकाचा हक्क म्हणून लिहून ठेवला नाही, कामगाराची सवलत म्हणून वाटला.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे दुसरे उत्तर असे. वहिनीला अँब्युलन्समध्ये बसव. नाही म्हणू नकोस. कोणाच्या जिवावर आपण तत्त्व सिद्ध करायचे नसते. पण त्या अँब्युलन्सला मायबाप म्हणू नकोस. तिच्या मागे राज्याची अँब्युलन्स का नाही, हे ग्रामसभेत विचार, जिल्हाधिकाऱ्याला विचार, आणि गावाच्या डोंगरातून किती खनिज गेले, त्याचे किती पैसे कुठे जमा झाले, हे लेखी माग. कंपनीचा दवाखाना चालत असेल तर चालू दे. त्याच्या दारावर मात्र कामगार आणि ठेक्याचा कामगार, गावातला आणि गावाबाहेरचा, असा भेद नसावा, आणि उद्या कंपनी गेली तर तो कोणी चालवायचा याचा कायदेशीर करार आज हवा. खाण संपते, भाव पडतो, मालक बदलतो. लुआन्श्याने हे तीनही पाहिले.

शेवटी लिहिणाऱ्या मित्रांसाठी. आपल्या साहित्यात विहीर आली, शाळेची पायरी आली, चावडी आली, गावकूस आले. कंपनीचे फाटक माझ्या वाचनात फार थोडे आले आहे. ठेकेदाराच्या माणसांची मुले आता शिकली आहेत, महाविद्यालयांत आली आहेत. त्यांनी ते फाटक लिहावे. चौकीदाराला खलनायक करू नये. तोही आपलाच होता आणि त्याची नोकरी खरीच जाणार होती.

मध्यंतरी बहिणीला मी हे सगळे सांगितले. तिला त्यातले काही आठवत नाही. ती इतकेच म्हणाली, "दादा, तिथं माहं नाव काय होतं?" मी चुलत बहिणीचे नाव सांगितले. ती हसली. नंतर बराच वेळ काही बोलली नाही.